आतल्या माणसांना तिकीट मिळत नाही

मे महिन्याच्या सुट्टीत काहीही ठरवायचं नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलं. एकमत म्हणजे शुभांगीचं मत. शुभांगी माझी बायको. सिडकोतल्या एका प्राथमिक शाळेत ती शिकवते, त्यामुळे तिचं मत सांगून झालं की आपोआप शांतता पसरते. मी अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर कागदावर रेषा मारायच्या आणि एखादी रेषा केसभर सरकली की पुन्हा पहिल्यापासून मारायची, हा माझा उद्योग. ती सवय मी घरी घेऊन येतो, असं तिचं म्हणणं. आदल्या वर्षी महाबळेश्वरला मी सगळं आखून नेलं होतं. कुठल्या पॉइंटवरून सूर्योदय, कुठल्या पॉइंटवरून सूर्यास्त, मध्ये कुठे चहा. त्या आखणीत मुलं झोपलेली असतील ही शक्यता धरलेली नव्हती. सूर्योदय मी एकट्याने पाहिला आणि हॉटेलवर येऊन बाकीच्यांना तोंडी सांगितला.

"यंदा नुसतं निघायचं," शुभांगी म्हणाली. "मुलांना त्या मौजवाडीला न्यायचं. जाग येईल तेव्हा उठायचं, मिळेल ती गाडी धरायची, खेळायचं तेवढं खेळायचं आणि कंटाळा आला की परत. आणि तुमचं ते घड्याळ घरी ठेवा."

मौजवाडी म्हणजे घोटीच्या पुढे तेव्हा नुकतीच सुरू झालेली खेळनगरी. मोठे पाळणे, पाण्यात पडणाऱ्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, झुकझुक गाडी. आमचा साई तेव्हा सात वर्षांचा होता. वर्गातला एक मुलगा तिथे जाऊन आला होता आणि त्याच्याकडून साईने सगळ्या पाळण्यांची नावं पाठ करून घेतली होती. पाढे त्याला सातापुढे येत नव्हते. धाकटी दिशा चार वर्षांची. तिला झुकझुक गाडीत बसायचं होतं, एवढंच तिचं म्हणणं.

मी घड्याळ काढून ठेवलं. मनगटावर त्याच्या जागी पांढरा पट्टा उरला. त्याच्याकडे पाहून मला वेळ काही कळेना, पण बघायची सवय जाईना.

न ठरवण्याची बातमी कॉलनीत फुटली आणि माझे हाल सुरू झाले. ठरवून कुठे निघालं तर लोक "कुठे?" विचारतात आणि सोडून देतात. न ठरवता निघालेल्या माणसाबद्दल सगळ्यांना काळजी वाटते. खालच्या मजल्यावरचे पगारे काका मनमाडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते जिन्यातून उतरतानाही मागे वळून बघत.

"न ठरवता निघायचं म्हणता?" ते म्हणाले. "रेल्वेत याला अपघात म्हणतात."

वरच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी सांगितलं की तिथलं पाणी डोळ्यांत गेलं की डोळे लाल होतात. त्यांच्या भाच्याचे अजून लाल आहेत. भाचा कायम रात्रपाळी करतो ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. कुणी म्हणालं सकाळी लवकर जा, कुणी म्हणालं दुपारनंतर जा, गर्दी ओसरते. कुणी म्हणालं कापडी टोप्या न्या, कुणी म्हणालं टोप्या काढून घेतात. या सगळ्यांना "आम्ही काहीच ठरवलेलं नाही" असं समजावून सांगण्यात माझी जी शक्ती खर्च झाली, तेवढ्यात मी काश्मीरची सहल आखली असती.

शेवटी एका मंगळवारी आम्हाला जाग आली आणि शुभांगी म्हणाली, "चला." आम्ही दार ओढून घेतो न घेतो तोच जिन्यात माझी आई. नवसाबाई. ती मखमलाबादला माझ्या थोरल्या भावाकडे, मळ्यात राहते. आठवड्यातून एकदा सिटी बसने आमच्याकडे येते आणि भाजीची भलीमोठी पिशवी दारात टेकवते. आज पिशवीत मेथी होती.

"कुठं निघाले समदे?" आईने विचारलं.

"असंच," मी म्हणालो.

"मग मी बी येते," आई म्हणाली. "असंच."

आता ठरवलेलं असतं तर सांगता आलं असतं की बाई गं, चौघांचंच ठरलंय. काही ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायला जागाच नव्हती. हिरवं नऊवारी, हातात मेथीची पिशवी, अशी आई आमच्या पुढे जिना उतरू लागली. पिशवी घरात ठेवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. डोकं घरीच ठेवून निघायचं, असाच त्या दिवसाचा बेत होता.

पाथर्डी फाट्यावर जीप मिळाली. तिच्यात आधीच इतकी माणसं होती की ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसला होता. घोटीच्या पुढे हमरस्त्यावर एका पाटीपाशी त्याने आम्हाला उतरवलं. पाटीवर हसणारं माकड काढलं होतं आणि बाणाखाली लिहिलं होतं, 'मौजवाडी, आत'. आत म्हणजे किती आत, हे लिहिलेलं नव्हतं. बाणाच्या दिशेने एक पांढरा तापलेला रस्ता जात होता, आणि जिथवर नजर पोचत होती तिथवर मौज दिसत नव्हती.

आम्ही चालू लागलो. थोड्या वेळाने दिशा थांबली. मग साई थांबला. मी मनगटाकडे पाहिलं. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. मी मनगट खाली घेतलं.

तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. मागे गोणपाटांनी झाकलेल्या बर्फाच्या लाद्या. ड्रायव्हरने लहान मुलं पाहून गाडी थांबवली. "मौजवाडीलाच चाललोय. बसा मागं."

आम्ही बर्फावर बसलो. मे महिन्याच्या भर उन्हात, बुडाखाली बर्फ आणि तोंडावर वारा. पहिल्यांदा तर स्वर्गच वाटला. शुभांगी इतकी खुश झाली की तिने मला डोळ्यांनी 'बघा!' असंही म्हणून दाखवलं. आई म्हणाली, "लय गार हाय. मेथी बी ताजी राहील." पुढे पुढे गोणपाट भिजलं, मग माझी पँट भिजली, आणि त्यानंतरची संवेदना लिहिण्यासारखी नाही, कारण ती संवेदना नव्हतीच.

टेम्पो एका लोखंडी फाटकातून आत शिरला आणि कँटीनच्या मागे थांबला. आम्ही उतरलो, ड्रायव्हरचे आभार मानले आणि कँटीनला वळसा घालून पुढे आलो, तर समोर साक्षात मौजवाडी. पाळणे फिरतायत, पोरं किंचाळतायत, कर्ण्यावर गाणी लागली आहेत.

"ना रांग, ना धक्काबुक्की!" शुभांगी म्हणाली. "ठरवून आलो असतो तर इतकं सुरळीत झालं असतं का?"

मी मान्य केलं. मनापासून मान्य केलं, हे इथे नमूद करून ठेवतो.

साई घोड्यांच्या चक्राकडे धावला. चक्रापाशी उभ्या असलेल्या माणसाने त्याला अडवलं. "पट्टा?"

"कसला पट्टा?"

"मनगटावरचा. तिकिटाबरोबर बांधतात तो."

क्षणभर माझ्या मनगटावरचा तो घड्याळाचा पांढरा पट्टा दाखवून टाकावा असा मोह झाला. पण मी सरळमार्गी माणूस. मी विचारलं, "तिकीट कुठे मिळतं?"

"खिडकीवर."

खिडकी शोधत मुख्य दरवाजाशी आलो. तिथे तिकीटघर होतं, पण त्याची पाठ आमच्याकडे होती. मागच्या दारातून डोकावलो तर आतला कारकून बाहेरच्या रांगेला तिकिटं देत होता.

"पाच जणांची तिकिटं हवी होती," मी त्याच्या पाठीला म्हणालो.

तो वळला. "खिडकीवर या."

"खिडकी बाहेरून आहे ना. आम्ही आत आहोत."

"आत आहात म्हणजे तिकीट काढलेलं असणार."

"नाही काढलेलं. म्हणून तर काढायचंय."

"आतल्या माणसांना तिकीट मिळत नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा रांगेकडे वळला.

बरोबर होतं त्याचं. मग बाहेर जाऊन रीतसर रांगेत उभं राहावं म्हणून मी दरवाजावर गेलो. तिथे खाकी कपड्यातला एक सिक्युरिटीवाला हातात कात्री घेऊन बसला होता.

"पट्टा," तो म्हणाला. "पट्टा कापून घेतल्याशिवाय बाहेर सोडत नाही."

"पट्टा नाही आमच्याकडे. तोच आणायला बाहेर जायचंय."

"पट्टा नाही तर बाहेर जाता येणार नाही. संध्याकाळी आम्ही पट्टे जुळवतो. तुम्ही असेच गेलात तर आत आलेल्यांपेक्षा बाहेर गेलेले जास्त होतील."

"असं कसं होईल?"

"होतं," तो गंभीरपणे म्हणाला. "मागं एकदा झालंय."

मी म्हणालो, मग आम्ही आलो तिथूनच बाहेर जातो. मागच्या फाटकाशी गेलो तर टेम्पो निघून गेलेला आणि फाटकाला कुलूप. तिथल्या माणसाने सांगितलं की हे मालाचं फाटक आहे. माल बाहेर न्यायचा तर पास लागतो. मी म्हणालो, द्या पास. तो म्हणाला, माणसांचा पास नसतो. माझा मालात समावेश करता येईल का, असं विचारण्यापर्यंत मी आलो होतो, पण शुभांगीने माझी बाही ओढली.

म्हणजे परिस्थिती अशी. आम्ही मौजवाडीत होतो. आम्हाला तिथली कुठलीही मौज करता येत नव्हती आणि तिथून बाहेरही पडता येत नव्हतं. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बसू ना सावलीत. कोण हाकलतंय?"

हाकलत कुणीच नव्हतं. तीच तर अडचण होती.

कात्रीवाल्याने तोवर मॅनेजरला कळवलं होतं. मॅनेजर तरुण होता, त्या उन्हातही त्याने टाय बांधला होता आणि तो मला 'सर' म्हणत होता. पण तो 'सर' असा होता की आपण पोलीस चौकीत आलोय असं वाटावं. त्याने मला ऑफिसात नेलं. साईही मागे आला.

"बर्फाबरोबर आलात, सर? सहकुटुंब?"

"हो."

"आमच्याकडे बर्फ येतो. बर्फाबरोबर माणसं येत नाहीत. आणि तुम्ही आजच आलात हे कशावरून? कालपासून आत नसाल कशावरून?"

आता याला पुरावा काय देणार? होता तो एकच पुरावा माझ्याकडे होता. मी वळलो आणि त्याला माझ्या पँटची मागची बाजू दाखवली. माझ्या आयुष्यात मी अनेक साहेबांसमोर उभा राहिलो आहे, पण पाठमोरा उभा राहण्याची ती पहिलीच वेळ.

मॅनेजरने नीट पाहिलं. "हे पाणी घसरगुंडीचंही असू शकतं, सर."

"बाबा," साई खणखणीत आवाजात म्हणाला, "आपण चोर आहोत का?"

ऑफिसाच्या दारात उभे असलेले चार लोक माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात कात्रीवाला आईची पिशवी घेऊन आला. "साहेब, बाहेरचे खाद्यपदार्थ!"

"ती मेथी आहे," मी म्हणालो. "कच्ची आहे. निवडलेलीही नाही."

मॅनेजरने एक जुडी उचलून वास घेतला. नियमात मेथी बसते की नाही यावर त्याचा आणि कात्रीवाल्याचा बराच वेळ खल झाला. शेवटी मेथी ऑफिसात जमा झाली. मग मॅनेजर म्हणाला की असा प्रसंग पूर्वी आलेला नाही, ठाण्याला मालकांना फोन करून विचारावं लागेल, आणि मालक जेवायला बसलेत. तोवर मी अर्ज लिहून द्यावा.

मी अर्ज लिहायला बसलो. 'आम्ही सध्या आत असून, आम्हाला बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' वाचून मलाच माझी दया आली. शुभांगी दारात येऊन साईला पाणी प्यायला घेऊन गेली. खिडकीतून लाटांच्या तलावाकाठचं गुलमोहराचं झाड दिसत होतं आणि झाडाखाली आईचं हिरवं लुगडं. मी अक्षर सुधारून पुन्हा अर्ज लिहायला घेतला. सवय.

शुभांगी परत आली तेव्हा मी सही करत होतो.

"दिशा कुठे?" तिने विचारलं.

"तुझ्याबरोबर ना?"

"नाही. ती आईंजवळ होती."

मी खिडकीतून पाहिलं. झाडाखाली हिरवं लुगडं नव्हतं.

आम्ही धावत गेलो. झाडाखाली कुणीच नव्हतं. फक्त पाण्याच्या काठाशी चपला होत्या. आईच्या जाड टायरच्या चपला आणि त्यांना खेटून दिशाच्या गुलाबी सँडल. नीट जोडून, शेजारी शेजारी ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. आणि पुढे लाटांचा तलाव.

विनोद तिथे संपला. शुभांगीने तोंडावर हात ठेवला. मी पँट, बूट, सगळ्यासकट तलावात उतरलो. गुडघाभर, मांडीभर, कमरेभर. भाड्याच्या नायलॉनच्या कपड्यांतली शेकडो माणसं उड्या मारत होती, ओरडत होती, आणि कोण बुडतंय आणि कोण खेळतंय हे काठावरून सांगता येणं शक्यच नव्हतं. मी पाण्यात हिरवं शोधत होतो. पिवळा फ्रॉक शोधत होतो. कुणाच्या तरी अंगावर पडलो, कुणीतरी शिवी दिली. काठावरचा शिट्टीवाला ओरडला, "ओ काका, कपडे घालून पाण्यात बंदी आहे!" मी त्याला विचारलं, नऊवारीतली बाई आणि लहान मुलगी पाण्यात उतरली का. तो म्हणाला, नऊवारी उतरली असती तर मी शिट्टी वाजवली असती. त्या उत्तराने जीव थोडासा भांड्यात पडला. थोडासाच.

तसाच निथळत मी घोषणांच्या खोलीकडे पळालो. तेव्हा मोबाइल आमच्या कारखान्यात फक्त मोठ्या साहेबांकडे होता. हरवलेल्या माणसाला शोधायला कर्णा हाच आधार. काचेमागे एक मुलगी माइकपुढे बसली होती.

"माझी मुलगी हरवलीय. आणि माझी आई."

"पट्टा नंबर?"

"पट्टा नाही."

तिने शांतपणे समोरच्या वहीकडे पाहिलं. "पट्टा नसेल तर त्या आत नाहीत, सर."

मी कुणावर ओरडणारा माणूस नाही. कारखान्यात कुणी माझ्या ड्रॉइंगवर चहा सांडला तरी मी टिपकागद आणतो. पण त्या क्षणी काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी काच सरकवली, हात घातला आणि माइक ओढून घेतला. गाणं बंद पडलं. मौजवाडीभर माझा धापा टाकण्याचा आवाज घुमला.

"दिशा," मी म्हणालो. "दिशा, बाळा, मी बाबा बोलतोय. आई, मी ज्ञानेश. सिडकोचा."

हे 'सिडकोचा' कशाला म्हणालो देव जाणे.

"लोकहो, ऐका. आमच्याकडे तिकीट नाही. आम्ही बर्फाच्या टेम्पोतून आलो. पण आम्ही चोर नाही. आम्हाला तिकीट काढायचंय, हे लोक काढू देत नाहीत. पण ते जाऊ द्या. माझी मुलगी चार वर्षांची आहे. पिवळा फ्रॉक आहे, पायात काही नाही. बरोबर माझी आई आहे, हिरवं नऊवारी. तिच्याही पायात काही नाही. कुणी पाहिलं असेल तर सांगा हो. आई, तू जिथे असशील तिथेच थांब. हलू नकोस. मी येतो."

माझा आवाज शेवटी फुटला आणि तो फुटलेला आवाज डोंगरावर आपटून परत आला. बाहेर पाहिलं तर घोड्यांचं चक्र थांबलं होतं. तलावातली माणसं उभी राहिली होती. एवढ्या मोठ्या जागेत इतकी शांतता झाली की शुभांगीलासुद्धा वर्गात जमली नसती. आणि मग लांबून, लाल नायलॉनच्या कपड्यांतली एक जाडजूड बाई दोन्ही हात वर करून ओरडली, "अहो दादा, गाडीत! झुकझुक गाडीत बघा!"

मी पळालो. शुभांगी साईला घेऊन पळाली. आमच्यामागे निम्मी मौजवाडी पळाली.

झुकझुक गाडीचा रूळ एका सिमेंटच्या डोंगराला वळसा घालून भुयारात जात होता. आम्ही पोचलो तेव्हा रूळ रिकामा होता. मग भुयारातून बारीकशी 'पुक' ऐकू आली आणि गाडी बाहेर आली. माणसाच्या चालीने, सावकाश. इंजिनात एक पिकल्या मिशांचा माणूस, मागे रंगीत बाकांचे चार डबे. पहिल्या डब्यात माझी आई, डोकं एका बाजूला कललेलं. तिच्या मांडीवर दिशा, तोंड उघडं, एक पाय डब्याबाहेर लोंबतोय. दोघी गाढ झोपलेल्या.

मी तोंड उघडलं. मिशीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. "वरडू नका. झोपल्यात."

गाडी थांबली नाही. मी तिच्या बरोबरीने चालू लागलो. चालता चालता दिशाचा तो लोंबणारा तळपाय हातात घेतला. कोरडा होता. धुळीने माखलेला, उन्हाने गरम, आणि कोरडा. मी तो सोडेचना. दुसऱ्या बाजूने शुभांगी चालत होती. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मागची गर्दी दोघींना पाहून समाधान झाल्यासारखी पांगली, आणि कुणीही आवाज केला नाही हे मला फार विशेष वाटलं.

"थांबवली असती हो," मिशीवाला हळूच म्हणाला. त्याचं नाव पुंजाराम. "तुमचं कर्ण्यावर ऐकलं तवाच थांबवणार व्हतो. पण गाडी थांबली का पोर जागी व्हती. दोनदा करून पाह्यलं. म्हटलं, येतेन तुम्ही. गाडी जाती कुठं?"

"पट्टा नाही विचारला तुम्ही?"

"इचारला की. म्हातारी म्हणली, भाऊ, कुठवर जाती तुझी गाडी? म्हटलं, कुठंच नाय जात, फिरून हिथंच येती. म्हणली, मग तिकीट कशाचं घेतो? म्हटलं, बसा मंग."

"आणि चपला? तळ्याकाठी काढून ठेवल्या होत्या."

"म्हणली, एवढी चकचकीत गाडी, चपला घालून कसं चढायचं. म्हणून तिकडंच काढून आले."

चालत्या गाडीत चढण्यासारखी ती गाडी होतीच. आम्ही तिघं दुसऱ्या डब्यात चढलो. माझ्या बुटांतून पाणी निथळत होतं, पँट दोन्ही बाजूंनी भिजली होती, आता पुराव्याला कुठलीच बाजू उरली नव्हती. भुयारात गार अंधार होता. शुभांगीने माझ्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. आम्ही बाहेर आलो, डोंगराला वळसा घातला, पुन्हा भुयारात शिरलो. इतका हलका मी कधी झालो नव्हतो. कुणी त्या वेळी येऊन मला सांगितलं असतं की नोकरी गेली, तरी मी म्हटलं असतं, बरं, आणि पुढे?

तेवढ्यात टायवाला मॅनेजर धावत येताना दिसला. हातात माझा अर्ज. "सर!" तो लांबूनच ओरडला. "सर, मालकांचा फोन..."

मी ओठांवर बोट ठेवलं.

तो दचकला. पहिल्या डब्याकडे पाहिलं. आणि चक्क चवड्यांवर चालू लागला. टाय एका हातात धरून, गाडीच्या बाजूबाजूने, लांब टांगा टाकत.

"काय म्हणाले मालक?" मी कुजबुजलो.

"मालक म्हणाले," तोही कुजबुजला, "माइकवरून सगळ्या पब्लिकला कळलंय, आता वाढवू नका. पट्टे बांधा आणि विषय संपवा. पैसे संध्याकाळी जाताना बाहेरच्या खिडकीवर द्या म्हणाले. रीतसर." मग जरा थांबून म्हणाला, "मेथीचं काही बोलले नाहीत. मेथी तुम्ही न्या."

त्याने खिशातून निळे कागदी पट्टे काढले. चालता चालता एक माझ्या मनगटावर बांधला, शुभांगीच्या, साईच्या. मग तो पहिल्या डब्याशी गेला. आईच्या मनगटावर बांगड्यांच्या मागे जागा करून बांधला. दिशाची मूठ मिटलेली होती. त्याने वाकून, श्वास रोखून, इतक्या हलक्या हाताने तिच्या मनगटाभोवती पट्टा फिरवला की ती नुसती नाक खाजवून पुन्हा झोपली. पट्टा बांधून झाल्यावर त्याने मोठा श्वास सोडला.

"साई," मी हळूच म्हणालो, "जा आता. हव्या त्या पाळण्यात बस. आपण चोर नाही."

साईने पट्टा पाहिला, पाळण्यांकडे पाहिलं. "दिशा उठू दे," तो म्हणाला. "मग जाऊ."

मॅनेजर अजून बरोबर चालत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"बसा ना," मी म्हणालो.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाही याची खात्री केली, टायची गाठ सैल केली आणि शेवटच्या डब्यात चढून बसला. "इथे नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच बसतोय," असं काहीतरी तो म्हणाल्यासारखं वाटलं. मग भुयार आलं. भुयारातून बाहेर आलो तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.

पुंजारामने बारीकशी 'पुक' केली, अगदी नाइलाजाने केल्यासारखी. आईची झोप चाळवली. तिने एक डोळा उघडला, मान वळवून आम्हा सगळ्यांना पाहिलं. मी, शुभांगी, साई, मागे टायवाला. तिला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आलं का रे?" तिने विचारलं.

"नाही, आई. अजून नाही."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि पुन्हा झोपली.